गोधडीचा काठ

मंडळी,

तुम्ही आता वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, दुकानातले बिल पडताळून पाहता, अंगठ्याऐवजी सही करता. म्हणून आज आम्ही तुमच्यापुढे एक घरगुती विषय मांडणार आहोत. विषय आहे गोधडीचा काठ. तुम्ही म्हणाल, गुरुजींनी हा काय बायकांचा विषय काढला? पण जरा ऐका. या काठापायी आम्ही चार बाजार हिंडलो, पदरचे पैसे घालवले, आणि जन्मभर मुलांना जे गणित शिकवले तेच आमच्या अंगाशी आले. आमची फजिती ऐकून तुमचे हातभर कापड वाचले, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

पारगाव नावाची गावे आपल्याकडे एकाहून जास्त आहेत. एक जुन्नर तालुक्यात आळ्याच्या बाजूला आहे. आम्ही सांगतो ते आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीच्या अंगचे, भीमाशंकर साखर कारखान्याचे पारगाव. कार्तिक लागला की इकडे नदीकडून गार वारा सुटतो. उसाच्या रानात थंडी आणखीच बोचते. अशा वेळी गोधडीची किंमत कळते. बाजारात पातळ, गुळगुळीत ब्लँकेटे पुष्कळ मिळतात. पण जुन्या सुती लुगड्यांची गोधडी अंगाला जशी बिलगते तशी ती बिलगत नाहीत.

गोधडी आणि बांध

गोधडी कशी होते हे तुम्हांला सांगायला नको. तरी क्रम एकदा मनात धरू. खाली एक धड लुगडे अंथरायचे. त्यावर जुनी धोतरे, लुगडी, सदऱ्यांचे तुकडे यांचे थर घालायचे. वर पुन्हा एक चांगले लुगडे. चारी बाजूंनी काठ टाचायचा. मग काठापासून धावदोरा घालीत आत आत जायचे, आणि मध्यावर येऊन थांबायचे. आपल्याकडे हिला गोधडी म्हणतात. कोल्हापूरकडे, बीडकडे वाकळ म्हणतात. नाव वेगळे, माया तीच.

यात काठाचे काम काय? शेताला जो बांध, तो गोधडीला काठ. बांध फुटला की माती वाहून जाते. काठ उसवला की आतल्या चिंध्या बाहेर येतात आणि गोधडी दोन पावसाळे टिकत नाही. शिवाय गोधडी झिजते ती कडेनेच. झोपलेला माणूस कड धरून अंगावर ओढतो, पायाखाली दाबतो, मूल ती चोखते. म्हणून काठाचे कापड घट्ट हवे.

शेताची उपमा आमच्या पदरची नाही. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला तुम्ही गिरिजात्मजाच्या दर्शनाला गेला असाल. तो डोंगर म्हणजे जुनी बौद्ध लेणी आहेत. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू राहत. भिक्षूंचे वस्त्र अखंड कापडाचे नसे. तुकडे जोडून ते शिवीत. बौद्ध ग्रंथांत एक कथा आहे. भगवान बुद्धांनी मगध देशात बांधाबांधांनी आखलेली भाताची खाचरे पाहिली आणि आनंद नावाच्या शिष्याला विचारले, असे वस्त्र तुला करता येईल का? आनंदाने तसेच तुकडे जोडून, कडेला पट्टी लावून वस्त्र शिवले. पाहा, चिंध्या जोडण्याला आणि तिला काठ लावण्याला किती जुनी परंपरा आहे.

आईचे लुगडे

आता आमची हकिगत. गेल्या हिवाळ्यात आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी यायची होती. तिने फोनवर एकच मागणे मागितले. "आप्पा, आजीच्या लुगड्याची गोधडी करून ठेवा. बाळाला पहिली तीच घालीन."

आजी म्हणजे आमची आई. ती जाऊन काही वर्षे झाली. तिची लुगडी ट्रंकेत घडी करून ठेवली होती. त्यांत एक हिरवे, जांभळट लाल काठाचे. आमचे मामा मुंबईला गिरणीत कामाला होते. त्यांनी ते १९८० साली दिवाळीला आणले. आईने ते आधी सणावारी नेसले, मग रोज नेसले. मुलगी लहान असताना याच लुगड्याच्या काठाला धरून चालायला शिकली. तिचे मागणे का होते ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मुलीच्या आईने शेजारच्या दोघी बोलावल्या. पाच हात लांब आणि तीन हात रुंद गोधडी घातली. वर हिरव्या लुगड्याचे अंग. काठाला त्याच लुगड्याचा लाल काठ लावायचा ठरला. खालचा काठ टाचांशी घासून पार विरला होता. वरचा काठ कमरेशी राहतो, म्हणून तो बराच धड होता. तो काढला तेव्हा सात तुकडे मिळाले. सातांची लांबी मिळून सतरा हात भरली.

मुलीची आई म्हणाली, "अहो, पुरेल ना? नाहीतर दुसरं काहीतरी लावू."

इथे आमच्यातला गुरुजी जागा झाला. आम्ही म्हणालो, "त्यात काय? पाच आणि तीन आठ. आठ दुणे सोळा. चारी बाजू मिळून सोळा हात. काठ सतरा हात. एक हात उरेल. खुशाल कापा."

तिने कापले, आणि कच्च्या टाक्याने टाचायला घेतले. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला निम्म्यात काठ संपला. मोजून पाहिले तर पावणेदोन हात कमी.

गणित कुठे चुकले

आम्ही पाटी घेऊन बसलो. बेरीज बरोबर होती. चूक बेरजेत नव्हती, विचारात होती. तुम्हीही मांडून पाहा.

एक हात म्हणजे दोन विती. एक वीत म्हणजे बारा बोटे. म्हणून एक हात म्हणजे चोवीस बोटे.

सात तुकडे एकमेकांना जोडले की सात जोड होतात. एका जोडात दोन बोटे कापड शिवणीत जाते. सात दुणे चौदा बोटे गेली.

चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर घडी घालताना चार बोटे जातात. चार चोक सोळा बोटे गेली.

चौदा आणि सोळा तीस बोटे. म्हणजे सव्वा हात. तेव्हा काठ हवा होता सोळा हात नव्हे, सव्वासतरा हात.

आणि काठ होता किती? सतरा हात मोजला खरा. पण तुकड्यांची टोके विरलेली होती. सुई घालताच कापड सुटू लागले. ती टोके कापून टाकावी लागली. त्यांत दीड हात गेला. उरला साडेपंधरा हात. सव्वासतरातून साडेपंधरा गेले, राहिले पावणेदोन.

आम्ही मुलांना फळ्यावर चौकोनाची परिमिती काढायला शिकवली. पण फळ्यावरच्या चौकोनाला शिवण नसते, आणि त्याची टोके विरत नाहीत. कापडाचे गणित करताना आधी टोके ओढून पाहावीत, आणि शिवणीचे बोट मोजात धरावे. हे आम्हांला त्या दिवशी कळले. मुलीची आई काही बोलली नाही. पण तिने हातातली सुई उशीला खोचून ठेवली, तेव्हा आम्हीच म्हणालो, "जोडीचे कापड आम्ही आणतो."

जोडीचे कापड

काठाची बोटभर चिंधी खिशात घालून आम्ही निघालो. पहिले मंचर. तिथे लाल कापडे पाच-सहा निघाली. एक तांबडे, एक गुलाबी झाकीचे, एक विटेच्या रंगाचे. जांभळट लाल एकही नाही. मग नारायणगाव, मग जुन्नर. दुकानदार चिंधी हातात घेत, उजेडाला धरीत, आणि मान हलवीत. एका म्हाताऱ्या कापडवाल्याने खरे ते सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, हा माल आता नाही. ज्या गिरण्यांतून हा यायचा, त्या राहिल्यात कुठे?"

त्यांचे म्हणणे खरे होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा कधी नीट चालल्याच नाहीत. आमचे मामाही तेव्हा गावी परत आले. आता नऊवारी साड्या येतात त्या यंत्रमागावरच्या. इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तिथे लुगडी होत आली. पण तो माल वेगळा, सूत वेगळे, रंग वेगळा.

पुण्याला आमचा भाचा असतो. त्याला मोबाइलवर चिंधीचा फोटो पाठवला. तो रविवार पेठेत आणि लक्ष्मी रोडला हिंडला आणि त्याने बारा कापडांचे फोटो उलट पाठवले. फोटोत तीन अगदी हुबेहूब दिसली. त्यांचे तुकडे त्याने आणले, तेव्हा एकही जुळेना. फोटोत रंग खरा उतरत नाही, हे ध्यानात ठेवा.

शेवटी एका गावी एका दुकानात जोडीचे कापड मिळाले. गावाचे आणि दुकानाचे नाव आम्ही घेत नाही, कारण अर्धी चूक आमचीच. संध्याकाळ झाली होती. दुकानात दिवे लागले होते. दिव्याखाली चिंधी कापडावर ठेवली तर दिसेनाशी झाली, इतकी जुळली. आम्ही आनंदाने एक मीटर कापून घेतले. सकाळी अंगणात उन्हात पाहतो तो काय, काठ जांभळट आणि कापड नारिंगी झाकीचे! परत घेऊन गेलो. दुकानदार म्हणाले, "कापलेला माल परत घेत नाही." घरी आणून पाण्यात भिजवले तर बादलीभर पाणी लाल झाले.

रंग का जुळत नाही

या हिंडण्यात आम्ही पुष्कळ विचारले, थोडे वाचलेही. ते तुम्हांला सांगतो.

पूर्वी लाल रंग झाडांच्या मुळांपासून काढीत. आल, म्हणजे आपली बारतोंडी, आणि मंजिष्ठ ही त्या कामाची झाडे. मंजिष्ठाच्या मुळात जो रंग असतो तोच रंग १८६८ साली जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला. पुढे कारखान्यांतून रंग स्वस्त येऊ लागले आणि मुळांचा धंदा बसला. पण रंग मुळाचा असो की कारखान्याचा, एका वेळी रंगवलेला माल आणि दुसऱ्या वेळी रंगवलेला माल यांत थोडा फरक पडतोच. याला व्यापारी 'लॉट' म्हणतात. पाणी, रंगाचे माप, सूत, उकळण्याचा वेळ यांत थोडे इकडे तिकडे झाले की रंग बदलतो. म्हणून लागेल तेवढे कापड एकाच वेळी, एकाच ठाणातून घ्यावे.

दुसरे कारण ऊन आणि पाणी. नवे कापड कितीही जुळले तरी जुन्या कापडाने सोसलेली चाळीस वर्षे त्याने सोसलेली नसतात. जुने कापड धुऊन धुऊन मऊ आणि फिके होते. नवे आज जुळले, तरी दोन वर्षांनी ते वेगळे फिके होईल, जुने वेगळे होईल.

तिसरे कारण उजेड. दिव्याखाली एक दिसते, उन्हात दुसरे. कापड दुकानाच्या दारात आणून दिवसाउजेडी पाहावे. दुकानदार नको म्हणत नाही.

चौथी गोष्ट आटण्याची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. टेरिकॉटचे फारसे आटत नाही. नवा सुती काठ न धुता जुन्या गोधडीला लावला, तर पहिल्या धुण्यात काठ आखडतो आणि गोधडीला चुण्या पडतात. म्हणून नवे कापड आधी भिजवून, वाळवून मग कापावे. रंग जात असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. फडके पांढरे राहिले तर कापड वापरावे.

उशीचा अभ्रा

इतक्यात मुलगी घरी आली. दिवस भरत आले होते. तिने खुंटीवरची अर्धवट गोधडी पाहिली, आणि पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढला. आजी गेली तेव्हा तिने त्याच लुगड्याचा पदर मागून घेतला होता. त्याचा तिने अभ्रा शिवला होता. पदर काठाच्याच रंगाचा, एकाच लॉटचा. आम्हांला वाटले, जिंकलो!

अभ्रा काठाशेजारी ठेवला, आणि कोणी काही बोलेना. काठ ट्रंकेत अंधारात राहिला होता, तो गडद. अभ्रा इतकी वर्षे धुण्यात आणि उन्हात होता, तो विटकरी झालेला. एकाच लुगड्याचे दोन तुकडे, पण आता एकमेकांना ओळखत नव्हते. चौथ्या बाजूला तो लावून पाहिला. निम्मी बाजू गडद, निम्मी फिकी. धडधडीत ठिगळ दिसले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "राहू दे आप्पा. विकतचं ब्लँकेट आणू." आम्हांला ते फार लागले. चूक आमच्या बेरजेची, आणि गमावणार होते ते तिच्या आजीचे लुगडे.

चार कोपरे

कारखाना सुरू झालेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या. बीडकडची एक टोळी आमच्या शेजारच्या रानात उतरली होती. त्यांतली एक बाई, पन्नाशीची, रोज दुपारी आमच्या नळावर पाण्याला येई. त्या दिवशी ती कळशी भरून ओट्याशी थांबली. गोधडीकडे पाहत राहिली. मग कळशी खाली ठेवून वर आली, काठ चिमटीत धरला, अभ्रा हातात घेतला, आणि म्हणाली, "एकाच लुगड्याचं हाय न्हवं हे?"

मुलीच्या आईने सगळे सांगितले. बाई हसली. म्हणाली, "गुरुजी, एका जागी लावलं तर लोक ठिगळ म्हनतेत. चारी कोपऱ्याला सारखं लावा, मग त्यालाच नक्षी म्हनतेत."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. चार बाजार हिंडून जे मिळाले नाही ते ओट्यावर मिळाले!

मग पुन्हा पाटी काढली. कमी पडलेला काठ पावणेदोन हात, म्हणजे बेचाळीस बोटे. चार कोपऱ्यांचे चार तुकडे घालायचे म्हणजे काठ आणखी तीन ठिकाणी कापावा लागणार. पूर्वीचे सात तुकडे, हे तीन वाढले, आणि कोपऱ्यांचे चार. सगळे मिळून चौदा. चौदा तुकड्यांना चौदा जोड. पूर्वी सात जोड धरले होते, सात वाढले. सात दुणे चौदा बोटे जास्त. बेचाळीस आणि चौदा छप्पन्न. छप्पन्नचे चार भाग केले की प्रत्येकी चौदा बोटे. म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला एक वीत आणि दोन बोटे.

आम्ही आकडा सांगेपर्यंत त्या बाईने अभ्र्यावर वीत टाकली होती. वीत संपली तिथून पुढे दोन बोटे ठेवली आणि नखाने खूण केली. "एवढं पुरं," ती म्हणाली. तिला लिहिता येत नव्हते. पण शिवणीचे बोट ती विसरली नव्हती. आम्ही ते विसरलो होतो.

बरे झाले की काठ पक्का शिवला नव्हता, नुसता टाचला होता. कच्चा दोरा ओढून काढला. दोन दुपारी दोघी बसल्या. टोळीची कामे आटोपून ती बाई येई. चारी कोपऱ्यांना फिका विटकरी रंग, मधल्या बाजूंना गडद जांभळट. पाहणाऱ्याला वाटावे, मुद्दामच असे योजले आहे. मग दोघींनी मिळून काठापासून धावदोरा धरला. पुढे शेजारणी आल्या, आणि गोधडी आठ-दहा दिवसांत पुरी झाली.

मुलीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळण्यात आजीच्या लुगड्याची गोधडी होती. आलेल्या बायका कोपऱ्यांवर हात फिरवून विचारीत होत्या, ही नक्षी कोणाची? आम्ही सांगत होतो, जिने सांगितली ती तिकडे पंगतीत बसली आहे.

त्या बाईला आम्ही पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. तिने विचारले, "ते रंग सुटणारं लाल कापड पडलं असंल तर द्या." आम्ही दिले. तिने ते चार-पाच वेळा धुऊन त्याचा सुटा रंग काढून टाकला, आणि आपल्या वाकळेच्या चारी कोपऱ्यांना लावले. आमच्या गोधडीला जे नारिंगी दिसत होते, ते तिच्या निळ्या वाकळेला फार शोभले. टोळी गेली तेव्हा गाडीवर सगळ्यांत वर तीच वाकळ होती.

चिंधीला कमी लेखू नका

मंडळी, चिंध्या जोडणे हे गरिबीचे लक्षण आहे, असे काही जणांना वाटते. संत गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या गोधडीचे तुकडे जुळतात का, हे कोणी पाहिले नाही. त्यांच्या हातातला खराटा पाहिला.

आणखी एक दूरची गोष्ट सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या शेतकरी बायका शेतावर घालायच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. १९७२ साली सिअर्स नावाच्या मोठ्या कंपनीकडून तिकडे उशांचे अभ्रे शिवण्याचे काम आले. कापड कॉर्डुरॉयचे, जाड आणि उभ्या रेघांचे. कामातून उरलेले तुकडे बायकांनी गोधड्यांत घातले. जोडीचे कापड त्यांनी शोधले नाही. जे उरले त्याचीच मांडणी केली. २००२ साली ह्यूस्टन शहरातल्या मोठ्या संग्रहालयात त्या गोधड्या मांडल्या गेल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्रांची तिकिटे काढली. त्या बायकांपैकी कोणी आमच्या ओट्यावरच्या बाईला पाहिले नव्हते. तरी दोघींचा विचार एकच.

ध्यानात ठेवा

आता आमच्या फजितीतून तुम्ही काय घ्यावे ते थोडक्यात सांगतो.

काठ कापण्याआधी गोधडीच्या चारी बाजू मोजा. जोडांची आणि कोपऱ्यांची बोटे त्यांत मिळवा. वर हातभर जास्त धरा.

जुन्या कापडाची टोके ओढून पाहा. विरलेले असेल ते आधीच काढून टाका, मग मोजा.

आधी कच्चा टाका घाला. सगळा काठ बसल्यावरच पक्के शिवा.

जोडीचे कापड आणायला चिंधी बरोबर न्या. दिवसा जा. फोटोवर विसंबू नका. आधी हातभर घ्या, घरी भिजवून पाहा, मग बाकीचे घ्या.

आणि इतके करूनही कापड कमी पडले, तर ती कमी एका बाजूवर टाकू नका. चार कोपऱ्यांना सारखी वाटा. घरात धान्य कमी असते तेव्हा शहाणी बाई एकाला उपाशी ठेवीत नाही. प्रत्येकाच्या ताटातली चतकोर कमी करते. कोणाला कळतही नाही. गोधडीचेही तसेच आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपली गोधडी अंथरा. तिची लांबी आणि रुंदी हाताने मोजा. चारी बाजूंना काठ किती लागेल ते वहीत मांडा. जोड किती, कोपरे किती, बोटे किती, सगळे लिहा. मग खाली लिहा, या गोधडीत कोणाकोणाची लुगडी, कोणाची धोतरे आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कापड विरते. लिहिलेले पुष्कळ काळ राहते. पुढच्या वर्गाला वह्या घेऊन या. आम्ही तुमची बेरीज तपासू, आणि तुम्ही आमची तपासा.